साधा उजेड

सुदामने शेवटची फट बुजवली, तेव्हा प्रेमाला स्वतःचा हात दिसेनासा झाला.

कुडाच्या भिंतींना शेणमातीचा जाड थर, कौलांखाली गोणपाट, दाराच्या आतून दुहेरी गोधडी. धसईपलीकडच्या त्या वाडीत इतकं काळोखं घर दुसरं नव्हतं. प्रेमा आता घर हातांनीच ओळखायची. इथं भाताचा कणगा, इथं पाण्याचा हंडा, इथं आपलं अंथरूण.

मुंबईच्या इस्पितळात गालातल्या कर्करोगाच्या गाठीसाठी तिला शिरेतून एक औषध दिलं होतं. ते अंगभर पसरतं, पण गाठीत जास्त साठून राहतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी खोलीतले दिवे मालवले आणि तिच्या तोंडात निळा उजेड टाकून समोर आरसा धरला. गालाच्या आतली जखम निखाऱ्यासारखी लाल चमकत होती. रोग कुठवर गेलाय, ते त्या चमकेवरून कळलं. मग त्याच जागेवर त्यांनी लाल किरण सोडले, तेव्हा जे औषध रोग दाखवत होतं तेच रोगाला जाळू लागलं. थोडं औषध कातडीतही उरतं, म्हणून दीड महिना उन्हात जायचं नाही. गेलं तर अंग भाजेल.

सुदामनेही तो आरसा पाहिला होता. काचांना चादरी लावलेल्या जीपमधून परतताना तो चादरींच्या कडा दाबून धरत होता. वाडीत उतरला आणि लगेच शेण कालवायला बसला.

रॉकेलची चिमणीसुद्धा नको म्हणाला. भात तोच पडवीत रांधायचा आणि ताटली अंदाजाने तिच्या हातात द्यायचा. चांदणं असलं की तिला अंगणातही येऊ देत नसे.

शेजारची भिमी येताजाता दाराशी थांबायची. "काय रे सुदाम, बायको आढीत घातलीस काय आंब्यावानी? पिकली का बघ तरी!"

"तुला पन घालू का आत?"

"मना कशाला? मी कवाच पिकून गळाले."

प्रेमाला आत हसू आलं. गाल ताणला गेला, कळ आली आणि हसू तिथंच थांबलं. तिची जीभ पुन्हा त्या जागेवर गेली. दिवसभर जायची. कधी जागा गुळगुळीत लागायची, कधी कडेला काहीतरी टणक लागायचं. आरशात बघायची सोय नव्हती. एकदा तिने सुदामला जवळ बोलावलं आणि तोंड उघडलं.

"काय चमकतंय का ओ अजून?"

तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"नाय," तो म्हणाला. पण ते 'नाय' फार उशिरा आलं.

दीड महिना झाला तेव्हा म्हसा गावच्या जत्रेला निघालेल्या बैलांच्या घंटा बाहेरून ऐकू येत होत्या. आता डॉक्टरबाईंनी सांगितलेली हाताची परीक्षा घ्यायची होती. कागदी पिशवीला रुपयाएवढं भोक पाडायचं, पिशवी हातावर चढवायची आणि तेवढीच कातडी थोडा वेळ उन्हाला दाखवायची. दुसऱ्या दिवशी तिथं काही उठलं नाही, तर मोकळं व्हायचं. प्रेमाने गोधडीच्या कडेतून हात बाहेर काढला. पलीकडे सुदाम मनगट धरून बसला होता. ऊन सुईसारखं टोचलं. तिने दात आवळले आणि तो भास आहे असं स्वतःला सांगितलं.

सकाळी तिथं फोड होता. तिने तो बोटाने चाचपला. रुपयाएवढा, गरम, पाण्याने भरलेला.

औषध अजून अंगात होतं. ते गाठीत साठतं, हे बाईंनीच सांगितलं होतं. मग ते गेलं नाही याचा अर्थ एकच. गाठ आहे. ती हळूच म्हणाली, "रोग ऱ्हायलाय ओ आत."

सुदामने सदरा चढवला आणि इस्पितळात फोन लावायला धसईला गेला.

तो परतला तेव्हा पावलं उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तो आत आला नाही. उंबऱ्यावर बसल्याचा आवाज आला. प्रेमाने भिंतीला पाठ घट्ट लावली.

"बोला. काय म्हनल्या बाई? किती दिस ऱ्हायले माझे?"

"तसं नाय काय."

"मंग?"

"फोडाचा नी रोगाचा संबंध नाय म्हनाल्या. रोगाचं तो निळा दिवा टाकल्याबिगर सांगता यायचं नाय."

"मंग फोड का आला?"

उंबऱ्यावरची माती खरवडल्याचा आवाज आला.

"ओ, मी तुमाला विचारतंय."

"त्यांनी विचारलं, घरात उजेड किती. मी म्हनलो, सुईएवढा पन नाय." तो उंबऱ्यावरून उठला. "लय ओरडल्या. साध्या उजेडात बसल्यावर ते औषध थोडं थोडं मरतं. काळोखात हाय तसंच ऱ्हातं. निघतानाच सांगितलेलं म्हने, ऊन नको, पन घरातला उजेड पायजेच."

"सांगितलेलं?"

"मना सांगितलेलं. तू आत कपडे बदलत होतीस."

तिचा हात पाठीमागच्या लिंपणावर गेला.

"ऐकलेलं मी," तो म्हणाला. "पन तो आरसा पाह्यलेला ना गो. त्यांचं शहरातलं घर, त्यांचा उजेड. आपल्याला थोडा पन नको, असं वाटलं. मी काय तुझं वाईट..."

"आनी मी हितं गाठ चाचपत बसलेली," प्रेमा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडावं लागलं असतं. "काढा ते लिंपन. पडवीकडचं. तिथं ऊन नाय येत."

कोयता भिंतीला लागल्याचा आवाज झाला, पुन्हा एकदा झाला, मग थांबला.

"हात चालत नाय गो. आनी परत भाजलं तर?"

ती चाचपडत भिंतीपाशी गेली. आतून तिने नखं रोवली. वाळलेला थर सुटेना, मग हंड्यातलं पाणी मारून पुन्हा खरवडला. ओलं ढेकूळ पायावर पडलं आणि कुडातल्या कारवीच्या दोन काटक्यांमधून राखाडी उजेड आत आला. ती झटकन मागे सरली. उजेड जमिनीवर तसाच राहिला. त्यात शेणाचे पोपडे दिसत होते, आणि तिच्या हातावरचा फोड. फटीपलीकडे सुदामचा चेहरा होता, गालफडं बसलेला, दाढी वाढलेली. तिला तो आधी ओळखूच आला नाही.

तिने पाट ओढला, उजेडापासून हातभर लांब ठेवला आणि बसली. अंगभर कातडी ताठ झाली होती. भाजायला कुठून सुरुवात होईल, मानेपासून की पापण्यांपासून, याची ती वाट बघू लागली.

"लागतंय का गो?" त्याने बाहेरून विचारलं.

"अजून नाय," ती म्हणाली, आणि पाट तसूभर पुढे सरकवला.