उमाकाकूंच्या टेबलामागची खिडकी

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी आयुष्य काढलं आहे, मित्रांनो. मी एक जुनी लाकडी खिडकी. माझ्या वयाच्या बहुतेकींच्या जागी आता सरकत्या काचा आल्या. मी राहिले, कारण मला काढायचं कुणाला सुचलंच नाही.

विष्णुपंतांनी कारखाना काढला, तेव्हा एका सुताराने मला इथेच, आवारात बसून घडवलं. दोन झडपा, चार तावदानं आणि एक पितळी कडी. सकाळी आधी मला उघडायचं, मग देवाला उदबत्ती लावायची आणि मग काम, असा इथला रिवाज होता. उघडायचा मान उमाकाकूंचा. ऑर्डरी आणि बिलं त्या बघायच्या; बदलापूरहून, शिरगावातून यायच्या आणि माझ्या पुढ्यातच बसायच्या. आमच्याकडे कधी कधी वारा फिरतो आणि आसपासच्या कारखान्यांचा उग्र वास आत शिरतो. उमाकाकूंना तो सगळ्यांच्या आधी कळे. "आला गं बाई," म्हणत त्या हात मागे नेऊन मला ओढून घेत. वास सरला की पुन्हा ढकलत. मान वळवून बघावंही लागत नसे, इतकी आमची ओळख.

पुढे विष्णुपंतांचा मुलगा शौनक कारभार पाहू लागला. पोरगा गुणी. लहानपणी माझ्या कट्ट्यावर बसून त्याने उमाकाकूंच्या डब्यातली पोळी खाल्ली होती. माणसं घामाने आणि वासाने हैराण होतात, हे त्याला बघवेना. त्याने एसी बसवला. गारवा बाहेर जाऊ नये, वास आत येऊ नये, म्हणून माझ्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या आणि वर जाड पडदा सोडला. सगळ्यांनी त्याची वाहवा केली. मला कुणी विचारलं नाही.

कुरबुरी मात्र लवकरच सुरू झाल्या. ऑफिसातल्या दोघा तरुणांपैकी माधवीची खुर्ची एसीखाली, तर महेशचं टेबल झेरॉक्स मशीनला चिकटून.

"महेशदादा, ते अठरावरून वर ने ना. मी काय मनालीला आलेय?"

"तू इकडे येऊन बस मग. मशीन चालू झालं की इथे भजी तळून निघतील."

"भर मे महिन्यात स्वेटर आणते मी. घरचे हसतात."

उमाकाकू ना कुडकुडत, ना घामेजत. पण जेवण झालं की त्यांचं डोकं जड व्हायचं आणि पापण्या मिटायला लागायच्या. एकदा लाल झाकणं मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांच्या हातून निळी गेली. मग पुन्हा तसंच झालं. शौनक हळूच म्हणाला, "काकू, दमता हो तुम्ही आता. घरी आराम करा ना." तो मायेनेच बोलला, म्हणून त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी त्या माधवीला म्हणाल्या, "डोकं चालेनासं झालंय गं माझं. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी ती मलाच ओळखेना. त्यापेक्षा सोमवारी राजीनामा देते." मी पडद्यामागे उभी होते. माझ्याने काहीच होईना.

शुक्रवारी आमच्या वसाहतीत सुट्टी असते, कारण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. पण त्या आठवड्यात माल तातडीने पाठवायचा होता, म्हणून चौघं तसेच आले. एसी बंद. थोड्याच वेळात जीव घुसमटायला लागला.

"काकू, फोडू का खिडकी?" महेशने विचारलं.

"फोडतोस काय? सुरी आण."

उमाकाकूंनी सिलिकॉन चिरत नेलं आणि महेशने खांदा लावला. कडी कुरकुरली, डोक्यावरची धूळ खाली सांडली आणि मी उघडले. वारा असा आत आला, जशी माहेरी आलेली लेक सरळ स्वयंपाकघरात शिरते.

दुपारी उमाकाकूंनी सगळी बिलं हाताने लिहिली. एकही चुकलं नाही. माधवी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काकू, आज पेंगला नाहीत."

"अगं, उकाड्यात कसली झोप?"

"माझं डोकंही नाही दुखलं. रोज या वेळी ठणकतं. महेशदादा, तुझं?"

"नाय. मी रोज चहाबरोबर गोळी घेतो. आज विसरलोच."

शौनक केबिनच्या दारात येऊन उभा होता. त्याच्या टेबलावर बामची बाटली कायम असते. तो म्हणाला, "माझंही दुखतं रोज. मला वाटायचं टेन्शन आहे."

"आणि मला वाटलं म्हातारपण," उमाकाकू म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला नीट पाहिलं. "सगळं बंद करून आपण दिवसभर एकमेकांची उष्टी हवा घेत बसलो होतो रे."

शौनकची मान खाली गेली. "चुकलंच माझं, काकू."

"तू आमच्यासाठीच केलंस, बाळा."

माधवीने हळूच विचारलं, "मग सोमवारचं काय, काकू?"

"सोमवारी हिच्या बिजागऱ्यांना तेल घालायचंय," असं म्हणून त्या पुढच्या बिलाला लागल्या.

आता एसी चालतो, पण सकाळी आणि जेवणानंतर मला उघडतात. माधवीचं टेबल सरकवलं आहे. वास आला की उमाकाकूंचा हात मागे येतोच.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना वर्षातून कधीतरी तेलाचा थेंब लागतो, बाकी काही नको. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तुमच्या वर्गात कुणी पेंगू लागलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकाने उठावं आणि खिडकीची कडी काढावी.