धुपाटण्यातला कोळसा

"विठाबाई, पेटीतून काढलेला कोळसा मागच्या खड्ड्यात टाकायचा. चुलीला न्यायचा नाही."

कामावर घेताना कारखान्यातल्या शशिकांतसाहेबांनी एवढंच सांगितलं होतं. चुलीला विठाने तो कधी नेला नाही. धुपाटण्याचं मात्र साहेब काही बोलले नव्हते.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मोरिवलीला लागून गंधक जाळणारा कारखाना निघाला आणि गावात खोकला शिरला. विठाचा नवरा आण्णा मुळातच दमेकरी. वारा गावाकडे वळला की भिंतीला टेकून बसून राही. पुढे कारखान्याने धुराड्याच्या वाटेत लोखंडी पेटी बसवली. तीत करवंटीचा कोळसा भरायचा. निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी शेठ तो पोत्यांनी पाठवी. जुना काढून नवा चाळून भरणं विठाकडे. पेटी बसली आणि आण्णा आडवा होऊन झोपू लागला. विठा महादेवाला बोलली होती, यांचा श्वास मोकळा झाला तर रोज दिवेलागणीला धूप घालीन. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

श्रावणात घरातला कोळसा सर्दावला, पेट घेईना. पेटीतला बघावा तर खडखडीत, अगदी नव्यासारखा! देवाच्या कामाला म्हणून तिने मूठभर पदरात बांधून आणला.

निखारा फुलला आणि धूप टाकायच्या आधीच घरभर तोच गंधकाचा वास, नाकात सुया टोचाव्यात तसा. आण्णा भिंत धरत कसाबसा ओट्यावर आला. छातीचा नुसता भाता झालेला. विठाने धुपाटणं अंगणातल्या पाण्यात उपडं केलं.

शेजारची जाऊ, कौसाबाई, नाकाला पदर लावून आली. "काय गो, महादेवाला मिरच्यांची धुरी देतंस?" पण आण्णाकडे नजर गेली तशी ती सुपाने वारा घालू लागली.

बऱ्याच वेळाने आण्णाला बोलता आलं. "विठे, कारखाना घरात कशाला आणलास?"

"पुन्हा नाय आणणार."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"का न्यायचा नाही, तेही मी सांगायला हवं होतं. हा टणक दिसतो, पण आतून वारुळासारखा पोकळ. डोळ्यांना न दिसणारी भोकं. वायू त्यांत शिरतो आणि चिकटून बसतो. तिथे तो संपत नाही. तापवलात की सुटला."

"म्हणजे गावावर येणारं सगळं काल आमच्या घरात?"

"मूठभर होता म्हणून वाचलात."

"मग माझ्या नवसाचं काय करू, साहेब?"

"मला कोळशातलंच कळतं, बाई."

संध्याकाळी धुपाटणं घासून तिने हातात घेतलं, तर आण्णा नुसत्या बघण्यानेच अंग चोरून बसला. "आज राहू दे गो," एवढंच म्हणाला.

विठा कौसाबाईकडे गेली. नारळी पौर्णिमेच्या करवंट्या तिच्या पडवीत रचलेल्या होत्या.

"ने गो, पण इथे पेटवू नको हां," कौसाबाई म्हणाली.

"इथे कशाला? देवाच्या दारातच पेटवीन."

तिने करवंट्या फडक्यात बांधल्या, काड्यापेटी आणि धुपाची पुडी कनवटीला खोचली, रिकामं धुपाटणं पदराखाली घेतलं आणि एव्हाना डोळा लागलेल्या आण्णाची झोप मोडणार नाही अशा बेताने दार ओढून ओढ्याच्या वाटेने महादेवाच्या देवळाकडे निघाली.