काकू हात लावत नाहीत

काकूंनी बेचाळिसाव्या वर्षी नखांचा आणि पायाच्या मालिशचा कोर्स लावला, तेव्हा मोठ्या जाऊबाई खो खो हसल्या होत्या. "पाय चोळायला कसलं आलंय शिक्षण?"

वर्गात सगळ्या लेकीच्या वयाच्या पोरी. काकूंनी मान खाली घालून वह्या भरल्या. कातडीखाली लपलेलं नखाचं मूळ, वरची पांढरी चंद्रकोर, नख जिच्यावर टेकतं ती गुलाबी गादी, सगळ्याची चित्रं काढली. कुठल्या पायाला हात लावायचा नाही, याचं एक वेगळंच पान होतं. ते त्यांनी तोंडपाठ केलं.

पार्लरमध्ये लागून त्यांना जेमतेम वर्ष झालं असेल. एका शनिवारी मोठ्या बाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पार्लरची मालकीण, म्हणजे मॅडम, त्यांचीच विद्यार्थिनी. त्या आत आल्या की मॅडम अजूनही उठून उभी राहायची.

"दोन दिवस बसमध्ये बसून आलेय," मोठ्या बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "डावी पोटरी नुसती ठणकतेय. चांगली जोर लावून चोळ."

काकू स्टुलावर बसल्या. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजलेली, तुकतुकीत, लालसर. त्यांनी हाताची मागची बाजू टेकवून पाहिली. गरम. काकूंनी तेलाची बाटली बाजूला ठेवली.

"बाई, मी मालिश करणार नाही. आत रक्ताची गाठ असली तर चोळल्यानं ती सुटून वर छातीत जाऊ शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. आत्ताच."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. म्हणूनच हात लावत नाही."

मॅडम काउंटरवरून धावत आली. "काकू, काय चाललंय? हलक्या हातानं करा ना थोडं."

"हलक्यानंही नाही."

"मग मी दुसऱ्या मुलीला सांगते."

दुसरी मुलगी टॉवेल घेऊन पुढे झाली. काकू उठल्या आणि खुर्चीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "पोरी, तू पण हात लावायचा नाहीस." मुलगी जागच्या जागी थांबली.

मोठ्या बाई लालबुंद झाल्या. "अख्खी शाळा चालवली मी, कुणी असं तोंडावर 'नाही' म्हटलं नाही! जाते डॉक्टरकडे. काही नाही असं लिहून आणते आणि तुझ्या हातात ठेवते." तणतणत त्या रिक्षात बसल्या.

"सोमवारी त्या आल्या की माफी मागायची," मॅडम म्हणाली. "नाहीतर तुमचं सामान उचला."

रविवारी काकूंनी वही काढून ते पान पुन्हा वाचलं. नोकरी गेली तर जाऊबाईंना हसायला आयतंच निमित्त मिळणार होतं. तरी माफीचे शब्द काही जुळेनात.

सोमवारी अकराला मोठ्या बाई आल्या. कागद काउंटरवर आपटला. "सोनोग्राफी झाली. गाठ नाही. स्नायूला इजा झालीय म्हणे."

"बरं झालं, बाई," काकू म्हणाल्या. त्यांना खरंच हायसं वाटलं.

"मागा आता माफी," मॅडम म्हणाली.

"नाही मागणार. उद्या तसाच पाय समोर आला तर उद्याही हात लावणार नाही. सामान बांधून ठेवलंय मी."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, माहितीये? मालिश केली का? म्हटलं, करूच दिली नाही एकीनं. म्हणाले, शहाणी आहे." मग त्या मॅडमकडे वळल्या. "तुला मी शिकवलं, पण हिच्यासारखं 'नाही' म्हणायला नाही शिकवलं. चुकलंच माझं. हिचं सामान जागेवर ठेव."

"हो, बाई," मॅडम पुटपुटली.

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या आणि उजवा पाय पुढे केला. "मालिश राहू दे. नखांना लाल रंग तरी लावशील?"

काकूंनी पाय मांडीवर घेतला. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेनं भुसभुशीत झालेलं.

"चार बोटांना लावते. अंगठ्याला नाही. बुरशी आहे, बाई. आधी औषध."

मॅडमनं कपाळाला हात लावला.

"लाव चार," मोठ्या बाई म्हणाल्या.