शकुची जुनी डिस्क

गोहलपुरात लताचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. एका दुपारी शकु आपला लॅपटॉप ओढणीत गुंडाळून तिथे आली. दोघी एकाच वस्तीत वाढल्या होत्या आणि एकाच वर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसल्या होत्या. शकुचे वडील टिकाराम यांनीच दोघींना एका चटईवर बसवून गणित शिकवलं होतं. शकु पास झाली आणि बरगीला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात लागली. लता तीन गुणांनी राहिली. त्याला अकरा वर्षं झाली होती, तरी शकु दिसली की लताला आधी ते तीन गुण आठवत.

लॅपटॉप स्कूटीवरून पडला होता. बटण दाबलं की कंपनीचं नाव यायचं आणि पडदा पुन्हा काळा व्हायचा. बोलता बोलता शकुने सांगितलं की तिला बढती मिळाली आहे, पुढच्या महिन्यात ती भोपाळला चालली आहे.

"नवा घेतला तेव्हा होता, अगदी तसा करून दे," ती म्हणाली. "आतलं काही निघते का, तेही पाहून घे."

लताने हो म्हटलं. अभिनंदन करायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

पडल्यामुळे हार्ड डिस्क बिघडली होती. लताने दुसरी डिस्क बसवली, कंपनीची मूळ सिस्टिम पेनड्राइव्हवरून टाकली आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप कोरा करकरीत उघडला. मग तिने जुनी डिस्क आपल्या मशीनला जोडली. अडत, थांबत का होईना, ती वाचली जात होती. लताने सवयीने सगळं एका पोर्टेबल डिस्कवर उतरवायला लावलं आणि फोटो उघडून बसली. शकु ऑफिसच्या जीपशेजारी. शकु धरणाच्या भिंतीवर, आजूबाजूला हाताखालची माणसं. शकुच्या नव्या घराची चावी. प्रत्येक फोटोत लता शकुच्या जागी स्वतःला उभं करून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी शकु आली तेव्हा लता म्हणाली, "काहीच नाही निघालं."

शकुचा चेहरा पडलेला तिला पाहायचा होता. पण शकु म्हणाली की चलो, फोटो फोनमध्येही आहेत. मग लॅपटॉप पिशवीत ठेवता ठेवता ती थांबली.

"बाबांचा आवाज होता त्यात. शेवटी शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या पाढे म्हणत. तो फक्त त्याच्यातच होता."

पिशवी उचलून ती गेली.

लताला दुकानात बसवेना. तिने 'बाबा' नावाचं फोल्डर उघडलं. टिकाराम खोकत खोकत तेराचा पाढा म्हणत होते. मध्येच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तिने आवाज बंद केला, दुकानाचं शटर ओढलं आणि डिस्क घेऊन शकुच्या घरी गेली.

दार शकुनेच उघडलं. लताने डिस्क पुढे केली आणि सगळं निघालं होतं, आपण खोटं बोललो, असं सांगितलं.

"काहून?" शकुने विचारलं.

"मी तुह्यावर जळते, शकु. तू पास झाली तेव्हापासून."

शकुने डिस्क घेतली, छातीशी धरली. आत ये म्हणाली नाही.

"मले वाटे, तू बिझी असते म्हणून येत नाही," एवढंच बोलून तिने दार लावून घेतलं.

महिन्याभराने शकु भोपाळला गेली. जाताना ती भेटायला आली नाही, लताला ते शेजारणीकडून कळलं. तिला फार वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्यातही, शकुला तिथे केवढी केबिन मिळाली असेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेलाच.