गायरानावरची सावली

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या गंजाची मला लाज वाटत नाही. मी एक जुना पत्रा आहे, गंजणारच. लाज वाटते ती मी दिलेल्या सावलीची.

माझी उमेदीची वर्षे भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या छपरावर गेली. ते बंद पडले तेव्हा भंगारवाल्याकडून रोहिदासने मला आणले. चाकणच्या वाटेवरच्या गावात त्याच्या भाड्याच्या खोल्या होत्या. कंपन्यांत जाणारी पोरे तिथे राहायची. त्यांच्या गाड्या उन्हात तापायच्या, म्हणून त्याने खोल्यांच्या मागे शेड घातली. खोल्या त्याच्या जमिनीत होत्या, शेड मात्र गायरानात गेली. गायरान म्हणजे गुरांच्या चरण्यासाठी राखलेली सरकारी जमीन.

शिफ्ट संपवून आलेली पोरे माझ्याखाली गाडी लावायची आणि सावली झकास आहे म्हणायची. मी फुगून जायचो.

पुढे रोहिदासची बायको जयमाला गावची सरपंच झाली. खुर्चीवर ती स्वतः बसायची, नवऱ्याला तिथे बसू द्यायची नाही. वरच्या वस्तीला नळ आणायचे तिने मनावर घेतले होते. निम्मी पाइपलाइन झालीही होती.

पंचायतीतला दुसरा सदस्य ज्ञानदेव एकदा शेडखाली उभा राहून म्हणाला, "रोहिदासभाऊ, तुमचा पत्रा गायरानात चरायला आलाय राव. बांधून ठेवा."

रोहिदास हसला. जयमाला हसली नाही. त्याच संध्याकाळी तिने त्याला शेड काढायला सांगितले. तो म्हणाला, खोल्या तुझ्या नावावर नाहीत, शेड तू घातली नाहीस, मग तुझ्या पदाला काय होणार? शिवाय आता काढली तर ज्ञानदेवाला भ्यालो असे गाव म्हणेल. तिने पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा ऐकले नाही.

कायदा त्याला वाटला तसा नव्हता. सदस्याने किंवा त्याच्या घरातल्या कुणी सरकारी जागेवर अतिक्रमण केले, तर त्या सदस्याचे पद जाते. ज्ञानदेवाने जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. मोजणीवाले आले. मी टोकापासून टोकापर्यंत गायरानात निघालो.

मग रोहिदास आणि त्याचा चुलतभाऊ रणजीत माझ्याखाली बसले आणि त्यांनी एक वाट काढली. जयमालाने सुनावणीत सांगायचे, नवऱ्याचे-माझे पटत नाही, चूल वेगळी आहे, त्याच्या शेडशी माझा संबंध नाही. रेशनकार्ड वेगळे करून आणायची जबाबदारी रणजीतने घेतली.

जयमाला दारात उभी राहून ऐकत होती.

"शेड काढायची न्हाई, पर बायकू काढून टाकायची, व्हय?"

"अगं, नुसतं कागदावर," रोहिदास म्हणाला.

"कागदावर तरी कशापायी? नांदतीय न्हवं मी हितं?"

रणजीत उठून चपला शोधू लागला. मलाही त्या दिवशी आपण कुठेतरी लपावे असे वाटले. पण पत्रा कुठे जाणार?

सुनावणीत तिने खरे ते सांगितले. शेड आमच्या घरची आहे, मी काढा म्हटले होते, काढली नाही. तिचे पद गेले. पाइपलाइन अर्धवट राहिली. मला मात्र कुणी हात लावला नाही. मी होतो तिथेच, सावली देत. जयमाला त्यानंतर माझ्याखाली कधी आली नाही. आपली गाडी ती उन्हात लावायची.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली आणि गेली. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करणाऱ्याने विचारले, नावाखाली 'माजी सरपंच' लिहू का?

"लिव्हा," रोहिदास म्हणाला. "आन् नवऱ्यानं घालवलं, ह्ये बी लिव्हा."

फ्लेक्सवाल्याने पहिले तेवढेच लिहिले.

तेराव्यानंतर रोहिदास पाना घेऊन आला. कुणाला मदतीला बोलावले नाही. माझे नटबोल्ट त्याने एकेक करून सोडवले, मला खाली उतरवले, लोखंडी पाइप उपटले. जेवणवेळेच्या आत सगळे उरकले. मग तो त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. "एवढंच काम व्हतं," तो म्हणाला. ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हते.

आता मी त्याच्या घराच्या भिंतीला टेकून असतो. मित्रांनो, घरचे माणूस एखादी गोष्ट काढा म्हणाले, तर त्याच दिवशी पाना हातात घ्या. ते माणूस बघायला असताना काढली, तर त्यात त्याचा मान राहतो. नंतर काढली, तर तिथे नुसते ऊन पडते.