मंगळवारची सुट्टी

सुज्ञ वाचकहो, चैतराम नावाच्या एका कष्टकरी मनुष्याकडून आठवड्यातला एक दिवस कसा काढून घेतला गेला, आणि बदल्यात दुसरा दिवस देऊन वर उपकार कसे दाखवले गेले, याचे निवेदन मी येथे करणार आहे. भातगिरणीत मी त्याच्या शेजारीच काम करतो. शाळा मला सातवीपुढे लाभली नाही. परंतु जे घडले ते माझ्या डोळ्यांदेखत घडले, म्हणून लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत आहे.

आमची गिरणी अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागून आहे. उकडलेले धान अंगणात पसरायचे आणि ते सारखे वाळावे म्हणून पाय ओढीत दिवसभर उलटवायचे, हे आमचे काम. जुन्या शेठजींच्या काळापासून गिरणीला सुट्टी मंगळवारी असे, कारण मंगळवारी गावचा बाजार भरतो. शेठजी वारले आणि त्यांचे पुतणे इंद्रकुमार गोंदियाहून कारभार पाहण्यास आले. एका सकाळी त्यांनी आम्हांस अंगणात उभे केले आणि जाहीर केले, की यापुढे सुट्टी रविवारी राहील. गोंदियाचे ऑफिस रविवारी बंद असते, सबब गिरणीही रविवारीच बंद असावी.

"मंगळवारच राहू द्या जी," चैतराम म्हणाला.

"अरे, संडे को सारी दुनिया छुट्टी मनाती है. आराम करो, फॅमिली के साथ रहो."

"माही फॅमिली मंगळवारी बाजारात येते जी."

सगळे हसले. इंद्रकुमार साहेबही हसले. ते हसणे मला अद्याप सोसलेले नाही, कारण चैतराम विनोद करीत नव्हता.

त्याची पत्नी गीताबाई वारली, त्यानंतर त्याला एक मुलगी रेणू आणि नात टीना, एवढेच उरले. रेणूचे सासर दोन गावे पलीकडे. चैतरामच्या नात्यातल्या एका लग्नात कोणाच्या तरी चुकीने तिच्या सासऱ्यांना पहिल्या पंगतीतून उठवले गेले, आणि दोष मात्र चैतरामच्या माथी आला. तेव्हापासून त्याला त्या घराचे दार बंद झाले आणि रेणूचे माहेरी येणेही थांबले. पण बाजाराला जाण्यापासून तिला कोण अडवणार? भाजी आणि मीठ त्या घरालाही लागतेच. दर मंगळवारी रेणू लेकीला घेऊन येई, आणि जमुनाबाईच्या बांगड्यांच्या दुकानालगतच्या ओट्यावर ती तिघे बसत. चैतराम दोघींना आलूबोंडे चारी. स्वतः मात्र जुन्या रीतीप्रमाणे रेणूच्या हातचा चण्याचा दाणाही घेत नसे. एकदा तिने जांबाची, म्हणजे पेरूची, फोड पुढे केली, तेव्हा तो म्हणाला होता, "लेकीचं खाल्लं त बापाचं काय राह्यलं?"

नव्या वेळापत्रकाचा पहिला मंगळवार उजाडला. गेटाबाहेरून बाजाराचे ऑटो जात होते. चैतराम धानाची एक ओळ संपवी, गेटाकडे पाही, आणि पुन्हा वळे. सुट्टी बदलल्याचा चैतरामचा निरोप घेऊन माझी पत्नी वच्छला बाजारात गेली होती. संध्याकाळी तिने सांगितले, की शेवटचा ऑटो सुटेपर्यंत रेणू ओट्यावरून उठली नाही, आणि टीनाने काही खाल्ले नाही. रविवारी येण्याविषयी विचारले, तर रेणू एवढेच म्हणाली, "इतवारले घरून निघाचं कोनतं कारन सांगू, काकी?"

रविवारी मी बाजाराच्या मैदानावरून जात होतो. रिकाम्या ओट्यांवर शेळ्या चढल्या होत्या. जमुनाबाईच्या जागेजवळ चैतराम बसला होता. आंघोळ केलेला, धुतलेला सदरा घातलेला, मांडीवर रिकामी थैली. मी विचारले, "इथं काऊन बसला गा?"

"सुट्टी हाय ना," तो म्हणाला. "मनवून राहिलो."

साहेबांनी ते उत्तर ऐकायला हवे होते. मजुराला विश्रांती दिली, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. विश्रांती कोणाजवळ बसून घ्यायची असते, हे विचारण्याची त्यांना गरज भासली नाही.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी गेटावर थाप पडली. चौकीदार वीरेंद्र साहेबांना विचारून परतला आणि मान खाली घालून म्हणाला, की कामाच्या वेळेत गेट उघडायचे नाही. आमचे गेट पत्र्याचे आहे. आरपार दिसत नाही. खाली वीतभर फट आहे. तिच्यातून दोन मोठी पावले दिसत होती आणि दोन लहान.

चैतराम ओळ सोडून गेला आणि गेटाशी उकिडवा बसला.

"बाबा, बरे हा ना जी?" रेणूचा आवाज आला.

"बरा हाव, बाई. दिवस बदलवला त्याइनं."

ती फटीजवळ सरकली. मग म्हणाली, "टीनानं आपल्यातला अर्धा आलूबोंडा ठेवला तुमच्यासाठी. तुमी खात नाही, सांगतलं मी तिले. पन थे ऐकतच नाही."

फटीतून कागदाची पुडी आत सरकली. तिच्यामागे इवली बोटे आली आणि परत गेली.

चैतराम पुडीकडे पाहत राहिला. साहेबांच्या ऑफिसची काच त्याच्या पाठीमागेच होती. कोण पाहते आहे, याची त्याने फिकीर केली नाही. पायांना लागलेला भुसा झटकून तो मांडी घालून बसला, पंगतीत बसतात तसा, आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत त्याने तो अर्धा आलूबोंडा खाल्ला.

"आबानं खाल्ला का?" बाहेरून टीनाने विचारले.

त्याने रिकाम्या कागदाची नीट घडी करून तो फटीतून बाहेर सरकवला. लहान हाताने तो उचलून घेतला. मग चारही पावले निघून गेली, आणि चैतराम आपल्या ओळीत येऊन पाय ओढू लागला.

आपल्या सुट्टीतला वेळ काढून आपण हे वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
खुशाल डोंगरवार