दोन पुड्या

आमच्या घरात माणसांनी काही ठरवायची पद्धत नाही. ते काम बालाजीचं. त्याच्या तसबिरीपुढे कागदाच्या दोन पुड्या ठेवायच्या. एकीत पांढरं तगरीचं फूल, दुसरीत तांबडी जास्वंद. डोळे मिटून एक उचलायची. पांढरं निघालं की होय, तांबडं निघालं की नाही. फ्रिज घ्यावा का इथपासून आवडी गावातलं सरकारी क्वार्टर सुटल्यावर शहरात अण्णा नगरात राहावं का इथपर्यंत सगळं आमच्या यजमानांनी, सेतुमाधवांनी, असंच विचारलं. बरं झालं तर "बघितलंस, देवानं दिलं!" बिघडलं तर "आपल्या हातात काय आहे, कामाक्षी?" हातात पुडी असे, पण ती त्यांना दिसत नसे.

पुड्या बांधायचं काम माझं. एवढं लक्षात असू द्या.

आमची कीर्तना लहानपणापासून या पुड्यांना हसत आली. सव्वीस वर्षांची, कमावती. 'माझं आयुष्य, माझी मर्जी' असं इंग्रजीत छापलेला टी-शर्ट घालून रविवारी दुपारपर्यंत लोळते. ती मर्जी धुवायला मीच टाकते.

गेल्या आठवड्यात तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. तीन दिवस तिनं मैत्रिणींना विचारलं, फोनला विचारलं, कागदावर मधोमध रेघ मारून फायदे-तोटे लिहिले. चौथ्या दिवशी सहाच्या आत हो की नाही कळवायचं होतं. चार वाजता स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अम्मा, पुडी बांध ना. एकदाच."

"तू? आणि पुडी?"

"मग काय करू? गेले आणि चुकलं तर? राहिले आणि पस्तावले तर?"

ह्यांचा चेहरा असा उजळला, जणू लेक परदेशातून परत आली. "घट्ट बांध गे," मला बजावून आंघोळीला पळाले.

बाल्कनीतल्या कुंड्यांतून मी फुलं खुडली. खरं सांगते, तिनं जाऊ नये असंच मला वाटत होतं. दोन्ही पुड्यांत जास्वंद घातली की झालं. कुणाला कळलं नसतं. एकदा मी तसं केलंही होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ह्यांना खडकीला बदली आली, वरच्या जागेवर. मला धडकी भरली ती आमच्या तंजावरच्या मराठीची. पुण्याच्या बायका हसतील! 'कुठे'ला 'कोट' म्हणणारी बाई तिथे भाजी तरी कशी आणणार? दोन्हींत तांबडं घातलं. देव नको म्हणाला. मासिकं वाचून वाचून ही शुद्ध मराठी मी मागाहून शिकले. तोवर खडकीला दुसरा कुणीतरी जाऊन बसला होता. मर्जी माझी चालली, नाव मात्र बालाजीचं झालं.

या वेळी फुलं ओट्यावरच राहू दिली.

कीर्तनानं डोळे मिटून पुडी उचलली, उघडली, उलटी करून झटकली. "काहीच नाही!"

"दुसरी बघ, दुसरी," हे म्हणाले. तीही रिकामी.

"अय्यय्यो, अपशकुन!" हे मटकन खाली बसले.

"अम्मा, तू फसवलंस?"

"आज नाही फसवलं. फसवलं होतं ते पंचवीस वर्षांपूर्वी," मी म्हटलं, आणि खडकीचं सगळं सांगून टाकलं. "ते देवानं नाही केलं. मी केलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

हे जानव्याशी चाळा करीत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"जास्वंदीचा देठ लांब असतो. कागदातून बोटाला लागतो. नेहमीच लागतो. त्या दिवशी दोन्हींना लागला."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही जायचं नव्हतं, गे. त्या मोठ्या जागेची भीती वाटत होती. साहेबाला हे कसं सांगू? देव नको म्हणतो, एवढं सांगून सुटलो."

म्हणजे त्या दिवशी मी बांधताना फसवलं, ह्यांनी उचलताना. मधे बालाजी बिचारा फुकट बदनाम.

कीर्तना आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत राहिली. "तुम्ही दोघं ना..." म्हणाली, आणि लॅपटॉप मांडीवर ओढला. पावणेसहाला वर बघितलं. "जाते असं कळवलं. चुकलं तर माझं. देवावर ढकलणार नाही." थोडं थांबून, "अम्मावर थोडं ढकलीन."

"ढकल की. पण फोन करून ढकल."

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याच्या एका घरमालकिणीला फोन लावला. स्पीकरवर. "मामी, तुमचं घर कोट आहे?"

माझ्या हातातली पळी तिथंच थांबली.

"कोट? अंगात घालायचा?" पलीकडची बाई खळखळून हसली. कीर्तनाही हसली. "नाही हो, कोट म्हणजे कुठे. आमच्यात असंच म्हणतात." बाई हसत हसतच पत्ता सांगू लागली, डावीकडे वळा, मारुतीचं देऊळ लागेल. अर्ध्या मिनिटात संपलं सगळं. एवढ्याचीच मी पंचवीस वर्षं धास्ती घेतली होती.

तेवढ्यात हे पंचांग घेऊन आले, निघायचा दिवस बघायला. मी लेकीकडे बोट दाखवलं आणि सांबार ढवळायला लागले.